नोंद रुग्णाची; ती गहाण पडू नये

रुग्णालयातील केसपेपरची जागा संगणकाने घ्यावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून केली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ ह्या नावाने ती देशभर लागू झाली. त्यामुळे रुग्णालय सरकारी असो, धर्मादाय असो वा चार खाटांचे खाजगी शुश्रूषागृह असो, नोंदींची संगणकप्रणाली निवडावी कोणती आणि अंगीकारावी कशी, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे. हा प्रश्न तांत्रिक दिसतो, म्हणून तो तंत्रज्ञांच्या व निविदा उघडणाऱ्या समितीच्या हवाली करून मोकळे होण्याकडे कल असतो. आमच्या मते तो मुळात तांत्रिक नाहीच. तो विश्वस्तपणाचा प्रश्न आहे.

अशा प्रणालीची निकड कोणी नाकारणार नाही. सत्तरीतला रुग्ण वाळपईहून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून बांबोळीला पाठवला जातो, तेव्हा त्याचा पूर्वेतिहास त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तेवढाच डॉक्टरांपुढे येतो. पिशवी घरी राहिली तर रक्त पुन्हा तपासायचे, क्ष-किरण छायाचित्र पुन्हा काढायचे आणि कोणते औषध सोसत नाही हे रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोडायचे! १८४२ सालापासूनची परंपरा सांगणाऱ्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारी गोमंतकीयच नव्हे, तर सावंतवाडी, दोडामार्ग आणि कारवारकडचे रुग्णही येतात. त्यांच्या नोंदींना तर दोन राज्यांच्या सीमा ओलांडाव्या लागतात. ही नोंद रुग्णाच्या आधी डॉक्टरांच्या हाती पोहोचली, तर वेळ, पैसा आणि प्रसंगी प्राणही वाचतील.

परंतु साधन चांगले म्हणून निवड आपोआप चांगली होते असे नाही. इंग्लंडने आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी २००२ साली अशीच एक प्रचंड योजना हाती घेतली. अब्जावधी पौंड खर्च होऊनही ती ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाही आणि २०११ साली सरकारला ती मोडीत काढावी लागली. यंत्रे कमी पडली हे त्याचे मुख्य कारण नव्हे. वर बसून निवड झाली, मोठमोठे ठेके आधी दिले गेले आणि ज्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी ती प्रणाली वापरायची त्यांना मागाहून कळवण्यात आले. आधी कळस मग पाया, अशी ती गत होती.

आपल्याकडील अनुभव ह्याहून बोलका आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणकप्रणाली २०२२ साली, ती पुरवणाऱ्या खाजगी कंपनीशी बिनसल्यामुळे बंद पडली. नोंदणीच्या खिडकीवर पुन्हा हाताने केसपेपर लिहिण्याची पाळी आली आणि जुन्या नोंदी मिळणे दुरापास्त झाले. देण्याघेण्याच्या त्या वादात कोण खरे, कोण खोटे, हा आमचा विषय नाही. दोन पक्षांच्या भांडणात तिसऱ्याची, म्हणजे रुग्णाची, मालमत्ता अडकून पडली, हा आमचा विषय आहे.

मालमत्ता हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत ह्याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. नोंद ज्यावर साठवली ते साधन रुग्णालयाचे. पण त्यातील माहिती रुग्णाच्या मालकीची, आणि रुग्णालय ती विश्वस्त म्हणून सांभाळणार. त्याआधी, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनीही आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले होते. तेव्हा विश्वस्ताने ठेवीची तिजोरी विकत घ्यावी आणि किल्ली मात्र तिजोरीवाल्याकडेच राहू द्यावी, हा व्यवहार कायद्यालाही धरून नाही आणि शहाणपणालाही.

म्हणून प्रणाली घेताना ती सोडता येईल काय, हे आधी पाहिले पाहिजे. करार संपला, वाद झाला किंवा कंपनीच बुडाली, तरी सर्व नोंदी सर्वमान्य मानकांनुसार, दुसऱ्या कोणत्याही प्रणालीला वाचता येतील अशा रूपात, कोणताही मोबदला न मागता परत मिळाल्या पाहिजेत. हे कलम करारात असणे पुरेसे नाही. दरवर्षी देयक चुकते करण्यापूर्वी नोंदी खरोखरच बाहेर काढून, वाचून पाहाव्यात. जो विक्रेता ही अट ऐकून आढेवेढे घेईल, त्याची निविदा कितीही स्वस्त असली तरी ती महागच पडेल.

दुसरा मुद्दा वापरणाऱ्यांचा. अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या कामाच्या वेळेचे मोजमाप करणारी एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णासमोर घालवलेल्या दर तासामागे सुमारे दोन तास नोंदी आणि टेबलावरची कामे करण्यात जातात, असे तीत आढळले. आमच्या बाह्यरुग्ण विभागांतील सकाळची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्याचा अर्थ उलगडून सांगायला नको. एका रुग्णासाठी दहा चौकटी भरायला लावणारी प्रणाली आली, तर डॉक्टर रुग्णाकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करतील, नाहीतर चौकटी कशातरी भरून टाकतील. आणि चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा घातक असते. एक-चौदाच्या उताऱ्यावर चुकून पडलेले एक नाव काढण्यासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात, हे गोमंतकीयांना ठाऊक आहे. तेथे निदान अर्ज करायला सवड असते. चुकीच्या रक्तगटाची दुरुस्ती करायला शस्त्रक्रियेच्या टेबलावर सवड नसते.

ह्यात आमच्या नावांची एक खास अडचण आहे. पोर्तुगीज अमदानीतील दस्तऐवजांत एका वळणाने लिहिलेले आडनाव आजच्या कागदपत्रांत दुसऱ्याच वळणाने येते. उलट एकाच वाड्यावर एकाच नावाचे तिघे-चौघे निघतात. एकाची नोंद दुसऱ्याच्या खाती जाऊ नये ह्यासाठी खिडकीवरच्या कारकुनाला काय काय विचारावे लागते, हे दूरच्या शहरातील विक्रेत्याला कळणार नाही. ते त्या कारकुनालाच विचारले पाहिजे. म्हणून निवड समितीत वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर परिचारिका, औषधवाटप करणारे आणि अभिलेख सांभाळणारे हवेत. प्रणालीची परीक्षाही सुसज्ज दालनात न होता काणकोण वा सांगे येथील आरोग्य केंद्रात, मिरगाचा पाऊस कोसळत असताना आणि वीज गेलेली असताना व्हावी. तेथे टिकली तर बांबोळीत आणावी.

वीज परत येते; चोरीस गेलेली माहिती परत येत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील ह्या अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे बरेचसे काम कागद-पेनावर चालवावे लागले. यंत्र बंद पडल्यावर हाताने काम कसे करायचे ह्याची तालीम आणि नोंदींची वेगळ्या जागी ठेवलेली प्रत, ह्या गोष्टी चैनीच्या नव्हेत. त्यात आमचा प्रदेश लहान. येथे कोणाचीही ओळख तिसऱ्या घरी निघते. क्षयाची वा मानसिक आजाराची नोंद भलत्याच्या नजरेस पडली, तर ठरलेली सोयरीक मोडू शकते, नोकरी जाऊ शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला, हे योग्यच झाले. पण कोणी, कोणाची नोंद, केव्हा उघडली ह्याचा माग प्रणालीने स्वतः ठेवला पाहिजे आणि तो रुग्णाला मागता आला पाहिजे. नाहीतर कायदा पुस्तकातच राहील.

सरकारने आणि खाजगी रुग्णालयांच्या चालकांनी ह्या कामी घाई करू नये, पण दिरंगाईचीही ही वेळ नव्हे. विलंबाचा भार आज पिशवी घेऊन दारोदार फिरणाराच वाहतो आहे. एका केंद्रात सुरुवात करावी, चुका तेथेच सुधाराव्यात, मगच पुढे जावे. आणि करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी एवढेच ध्यानात घ्यावे की, यंत्राची किंमत तो सरकारच्या वा संस्थेच्या तिजोरीतून देतो आहे. पण त्यात भरली जाणारी माहिती त्याची नाही, सरकारची नाही आणि कंपनीची तर नाहीच. ती गहाण टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.