वडीलकीचा स्नेही : वैकुंठभाई मेहता

पैसा देणारा मनुष्य आणि सल्ला देणारा मित्र ही दोन नाती एका ठिकाणी सहसा नांदत नाहीत. कर्ज देणाऱ्याच्या दारी आपण मान खाली घालून जातो. मित्राच्या घरी थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. वाचकहो, ज्या थोड्या माणसांनी ही दोन्ही नाती सारख्याच सचोटीने सांभाळली, त्यांपैकी वैकुंठभाई लल्लुभाई मेहता हे एक होत. १८९१ मध्ये भावनगरास जन्मलेल्या आणि मुंबईत हयात घालविलेल्या या गृहस्थांचे स्मरण हेब्बाळमध्ये बसून करावे, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु त्यास कारण आहे.

हेब्बाळ म्हटले की आज उड्डाणपूल आणि विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. जुन्या माणसांस मात्र हेब्बाळ म्हणजे तळे आणि शेतकी शाळा. डॉ. लेस्ली कोलमन यांच्या पुढाकाराने १९१३ मध्ये ही शाळा निघाली आणि १९६४ मध्ये येथेच कृषिविद्यापीठ उभे राहिले. बी कोणते पेरावे, खत किती घालावे, हे शाळेने शिकविले. पण त्या बियाण्यास पैसा कोठून आणावा, हा प्रश्न शाळेच्या कुंपणाबाहेरच राहतो. वैकुंठभाईंनी आपले आयुष्य त्या प्रश्नास वाहिले.

गदगजवळचे कणगिनहाळ हे गाव त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा होताच, दुसऱ्याच वर्षी, सिद्धनगौडा पाटील यांनी तेथे पतपेढी स्थापन केली; देशातील अगदी आरंभीच्या पेढ्यांत तिची गणना होते. अशा गावोगावच्या पेढ्यांस भांडवल पुरविण्यासाठी सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली. पुढे तीच प्रांतिक बँक झाली. लल्लुभाई हे वैकुंठभाईंचे वडील. १९१२ मध्ये, वयाच्या जेमतेम एकविसाव्या वर्षी, वैकुंठभाई या बँकेत आले. वडिलांची बँक म्हणून मुलाची वर्णी लागली, असे त्या वेळी कोणी म्हटले असल्यास, पुढील ३४ वर्षांनी त्यास पुरेसे उत्तर दिले आहे.

शेतकऱ्यास कर्ज देताना तारण काय घ्यावयाचे, हा सर्व पेढीवाल्यांचा पहिला प्रश्न. सावकाराचे उत्तर सोपे होते : जमीन. कर्ज फिटले नाही तर जमीन त्याची. सहकारी पेढीने निराळाच मार्ग धरला. सभासदांनी एकमेकांस जामीन राहावे, आणि कोण कष्टाळू व कोण उधळ्या, याची जी माहिती चावडीवर सर्वांस असते, तिलाच तारणाचे मोल द्यावे. यात जोखीम होती. पाऊस एक वर्ष दगा देतो, तेव्हा सर्व जामीनदार एकदमच बुडतात! म्हणून वरच्या बँकेत असा मनुष्य हवा होता की, जो वसुलीच्या आकड्यामागील दुष्काळही ओळखील आणि दुष्काळाच्या निमित्तामागील लबाडीही.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे वैकुंठभाईंहून सुमारे दहा वर्षांनी लहान. एक पेढीवरचा, दुसरा ग्रंथांतला. पण शेतकऱ्यांच्या सहकाराच्या कामी दोघे खांद्यास खांदा लावून उभे राहिले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचे भाग गोळा करीत गावोगाव हिंडत होते, त्या काळात वैकुंठभाई मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री होते. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. उसाच्या मळ्यातील मनुष्य यंत्रांचा मालक होऊ शकतो, यावर त्या वेळी पुष्कळ शहाण्यांचा विश्वास नव्हता. माझ्या मते, वडीलकीचा स्नेह खरा कळतो तो अशा वेळी; यश आल्यावर पाठ थोपटणारे पुष्कळ भेटतात.

तरीही काम किती अपुरे होते, ते १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीने दाखविले. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. सावकारांचा सुमारे ७०. चाळीसएक वर्षे राबल्यावर हा आकडा वाचणे सोपे नसेल. उपाय म्हणून मोठमोठ्या संस्था काढाव्यात, असा आग्रह सुरू झाला. १९६० मध्ये वैकुंठभाईंच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र संस्था सर्वसाधारणपणे गावापुरती असावी, असे सुचविले. मोठी संस्था हिशेबाला परवडते, हे खरे. पण जेथे सभासद एकमेकांस ओळखत नाहीत, तेथे जामीनकीचा अर्थ काय उरतो?

या सुमारास ते खादी व ग्रामोद्योग आयोगाचेही अध्यक्ष होते. १९६४ साली, म्हणजे हेब्बाळचे विद्यापीठ निघाले त्याच वर्षी, ते निवर्तले. पुण्यातील सहकार व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेस त्यांचे नाव आहे.

त्यांनी वाढविलेल्या बँकेचे, आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे, संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त होऊन तेथे प्रशासक आले. २०१९ साली मुंबईत आणि २०२० च्या आरंभी आमच्या बेंगळुरात एकेका सहकारी बँकेच्या ठेवीदारांवर, स्वतःचेच पैसे काढण्याची मर्यादा पडली. निवृत्तिवेतनाची पुंजी तेथे ठेवणाऱ्या कुटुंबांवर काय ओढवले असेल, ते सांगावयास नको. वाचकहो, आपल्या पतपेढीचा वार्षिक अहवाल घरी येतो, त्यात थकबाकीचा आकडा कोणत्या पानावर असतो, हे आपणांस ठाऊक आहे काय?