वाट आणि उंबरठा

शहापुराहून सडकेनें मुंबईस जातांना पडघें लागतें. मुरबाडाहून रेल्वे गाठावयास पुष्कळ लोक कल्याणास येतात. या नित्याच्या वाटांवरील दोन प्रसंग वाचकांनीं ध्यानांत घ्यावे असे आहेत.

मे २०१४ मध्यें कल्याणचे चार तरुण यात्रेच्या मिषानें इराकांत गेले व इस्लामिक स्टेटला मिळाले. एक त्याच वर्षीं नोव्हेंबरांत परतला. पुढें डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय तपास यंत्रणेनें पडघ्याजवळील बोरिवली गांवांत छापे घातले. गांवालाच ‘अल्-शाम’ हें सीरियाचें नांव देऊन तरुणांना तेथें वसण्यास बोलाविलें जात होतें, असा तिचा आरोप आहे.

एकाला परदेश कां हवा, दुसऱ्याला घरच कां पुरावें? दूरच्या युद्धांत शत्रूला चेहरा नसतो, म्हणून तें धर्मकार्य भासतें. स्वग्रामीं शस्त्र उचलावें तर समोर शेजारी दिसतो. परंतु पुढें सरहद्दी बंद होत गेल्या. मे २०१६ मध्यें त्या संघटनेच्या प्रवक्त्यानें युरोप-अमेरिकेंतील अनुयायांस, येतां येत नसेल तर आहां तेथेंच घाव घाला, असें सांगितलें. वाट अडली, मन मात्र तेंच राहिलें.

म्हणून केवळ वाटा अडवून भागत नाहीं. कल्याणच्या घरांस कळलें तें मुलें गेल्यावर. एखाद्या समाजाकडे बोट दाखवून आपणही मोकळे होऊं नये. द्वेषाची दीक्षा कोणत्याही पंथांत मिळूं शकते. पंगतीला मुकाट्यानें जेवून उठणाऱ्या मुलास ‘बाळ, हल्लीं काय वाचतोस?’ असें विचारणारें कोणी आपल्या घरांत आहे ना, एवढें आजच पाहावें.