ओट्यामागची भिंत कुणी निवडायची?

माझी भाची अमेरिकेत असते. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला टाइल्सचे चार नमुने दाखवले. "मावशी, फायरप्लेसच्या भोवती यातली कुठली लावू?" मला हसूच आलं. आम्ही दिव्याची माणसं, मे महिन्यात पंख्याखाली बसूनही घामाच्या धारा लागतात! पण ती पुढे म्हणाली, "इथे नियमच आहे गं, त्या शेकोटीच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड लावायचं नाही." आणि माझं हसू थांबलं. कारण माझ्या गॅसच्या मागे चार इंचांवर वर्षभर प्लास्टिकची भिंत होती, आणि ती लावताना असला प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता.

झालं होतं असं. गणपतीच्या आधी स्वयंपाकघर नीट करायचं ठरलं. जुन्या टाइल्स तेलकट, पिवळ्या पडलेल्या. त्या फोडायच्या म्हणजे धूळ, दोन दिवस चूल बंद आणि धुवायला पाणी कुठून आणायचं? कारागिरानं सुचवलं, वरूनच पीव्हीसीचे पॅनल मारू, एका दुपारचं काम. वॉटरप्रूफ, पुसलं की साफ, दिसायला संगमरवर! आमच्या ह्यांनी 'हो' म्हटलं. मी तेव्हा लोकलमध्ये उभी होते. संध्याकाळी घरी आले तर भिंत अशी चकाचक, की मीच शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली.

महिन्याभरात मोठ्या कढईमागचा पॅनल पापडासारखा फुगला. मी दुर्लक्ष केलं. मग एका रविवारी फोडणीचा भडका उडाला. क्षणभरच, पण तेवढ्यात पॅनलची एक पट्टी काळी पडून ओट्यावर आली. धूर असा की डोळे चुरचुरले, घसा धरला. रेग्युलेटर बंद करून मुलाला बाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

नंतर नीट माहिती घेतली. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं. आपलं पुर्‍या तळायचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं. ते लाकडासारखं धडधडून पेटत नाही हे खरं, पण वाकतं, करपतं आणि त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइडसारखा जाळणारा वायू असतो. कारागीर खोटं बोलला नव्हता. वॉटरप्रूफ होतंच ते. आम्ही पाण्याचं विचारलं, आगीचं विचारलंच नाही!

मैत्रिणींनो, ओट्यामागे साधी सिरॅमिक टाइल लावा. ती भट्टीत हजार अंशांच्या वर भाजून निघालेली असते, तुमच्या गॅसला ती काय घाबरणार? ग्रॅनाइट, कडप्पा चालतो. नुसतं सिमेंटचं प्लास्टरही जळत नाही, फक्त तेल पितं. काच हवी असेल तर टफन्डच; साधी काच एका जागी तापली की तडकते. गॅसमागे प्लायवूड, सनमायका, अ‍ॅक्रिलिक, वॉलपेपर नको. चंदेरी फॉइलचे स्टिकर मिळतात, त्यांचा वरचा थर अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी खाली गोंद असतो, हे लक्षात ठेवा. आणि शेगडी भिंतीला चिकटवून ठेवू नका, निदान सहा इंच मोकळे सोडा.

"आमचं घर भाड्याचं, मालक खिळा ठोकू देत नाही," असं आपल्याकडे कितीजणी म्हणतील. त्यांनी स्टीलचा पत्रा कापून आणावा आणि भिंतीपासून जरा अंतर ठेवून शेगडीमागे नुसता उभा करावा. घर बदललं की सोबत न्यावा.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. ज्या भिंतीसमोर मी रोज तीन तास उभी असते, ती कशाची असावी हे दुसर्‍यांनी का ठरवावं? आणि मला विचारलं असतं, तर मी तरी रंगाखेरीज काय बघितलं असतं? चूक दोघांची. टीव्ही घेताना घरात आठवडाभर चर्चा चालते. ओट्याला मात्र 'तुझं तू बघ' नाहीतर 'मी बघून घेतो'.

मे महिन्यात सावंतवाडी गाडीनं गावी गेले, तेव्हा आईच्या जुन्या चुलीमागची भिंत मुद्दाम बघितली. मातीनं लिंपलेली, धुरानं काळी. आई दर चार-आठ दिवसांनी ती स्वतः सारवायची. कुठे तडा गेला, कुठे पोपडा सुटला, तिच्या हाताला कळायचं. भिंत दिसायला कशीही असो, तिच्यावर हुकूम आईचाच.

आता आमच्याकडे पुन्हा टाइल्स आल्या आहेत. धूळ झाली, दोन दिवस वडापाव खाल्ला, पाण्याचे ड्रम भरून ठेवले. या वेळी दुकानात आम्ही दोघं गेलो. भाचीलाही तेच सांगितलं, "रंग तुला आवडेल तो घे गं. पण आधी दुकानदाराला विचार, ही तापली तर काय होईल?"