संगणक डोमेनला जोडला जात नाही, तेव्हा काय पाहावे?

बीड जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. ती एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीने डाटा एन्ट्रीचे काम करते. आईवडील अजूनही ऊसतोडीला जातात. कार्यालयात नवा संगणक आला व तो डोमेनला जोडण्याचे काम तिच्यावर आले. दोन दिवस खटपट झाली, दोनदा फॉरमॅट मारून झाले, तरी तो जोडला जात नाही. आता साहेब म्हणतात, "यंत्र तूच बिघडवलेस," आणि दोन दिवसांचे पैसे कापण्याची भाषा सुरू झाली आहे. चूक नेमकी कुठे असते, असे तिने विचारले आहे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली एमएससीआयटी करून अशाच कामावर आहेत. म्हणून हे उत्तर आम्ही सर्वांसाठी देत आहोत.

प्रथम डोमेन म्हणजे काय ते पाहू. कार्यालयात वीस संगणक असले, तर प्रत्येकावर वेगळी नावे व वेगळे पासवर्ड ठेवणे कठीण जाते. म्हणून एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, सर्वांची नोंदवही ठेवतात. कोण कर्मचारी, कोणता संगणक, कोणाला काय उघडता येईल, हे सारे त्या वहीत असते. विंडोज २००० पासून या वहीला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. नव्या संगणकाचे नाव त्या वहीत चढविणे, म्हणजेच तो डोमेनला जोडणे.

हे काम दोन ठिकाणी अडते. एक तर संगणकाला सर्व्हरचे दार सापडत नाही. किंवा दार सापडते, पण आत घेतले जात नाही. पडद्यावर येणारी इंग्रजी ओळ नीट वाचली की यांपैकी कोणते ते कळते. डोमेनच्या नियंत्रकाशी संपर्क झाला नाही, अशा अर्थाची ओळ असेल तर पहिले. परवानगी नाकारली किंवा नाव-पासवर्ड चुकला, अशा अर्थाची असेल तर दुसरे. फॉरमॅट मारून सहसा यांपैकी एकही अडचण जात नाही. म्हणून ती ओळ आधी जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्यावी.

दार सापडत नसेल तर बहुधा पत्ता सांगणारा चुकीचा असतो. संगणकाला नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. इंटरनेट कंपनीचा डीएनएस साऱ्या जगाचे पत्ते सांगेल, पण तुमच्या कार्यालयातील डोमेनचे खासगी नाव त्याला ठाऊक नसते. मुंबईच्या पोस्टमनला आपल्या वस्तीतील घर विचारावे, तसे हे आहे. गंमत अशी की, तेव्हा इंटरनेट मात्र उत्तम चालते आणि सारे ठीक आहे असे वाटते.

हे तपासण्यासाठी विंडोजची कळ व आर ही कळ एकदम दाबून सीएमडी टाइप करावे. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल, असे लिहावे. हीच आज्ञा शेजारच्या, डोमेनला जोडलेल्या संगणकावर द्यावी व दोन्हींकडील आकडे ताडून पाहावेत. नव्या संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल व स्विच पाहावा. पत्ता ठीक असेल तर डीएनएस सर्व्हर ही ओळ पाहावी. तेथे कार्यालयाच्या स्वतःच्या डीएनएसचा आकडा हवा. लहान कार्यालयात तो बहुधा मुख्य सर्व्हरचाच असतो. जुना आकडा लिहून ठेवून, सर्व्हर सांभाळणाऱ्यास विचारून, मगच बदल करावा. दुसऱ्या रकान्यात बाहेरचा डीएनएस 'असू द्या' म्हणून टाकू नये. डोमेनचे नावही तुटक न लिहिता पूर्ण लिहावे.

आत घेतले जात नसेल तर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, विंडोजची जात. होम प्रकाराला डोमेन जोडताच येत नाही. प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइज लागते. दुसरी, घड्याळ. सर्व्हरच्या व संगणकाच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक फरक पडला तर ओळख नाकारली जाऊ शकते. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल, तर आतील बटणासारखा सेल संपला असे समजावे. तिसरी, संगणकाचे नाव. ते १५ अक्षरांच्या आत व दुसऱ्या कोणत्याही संगणकाला नसलेले असावे. जुन्या संगणकाचेच नाव नव्याला दिले आणि ती नोंद दुसऱ्या कोणी केलेली असली, तर ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेपासून विंडोज ते अडवू शकते. नवे नाव द्यावे किंवा जुनी नोंद काढून घ्यावी. चौथी, अधिकार. नियम बदललेला नसेल, तर साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने १० संगणकच जोडता येतात. अकराव्याला नकार आला, तर तो तुमचा दोष नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. विंडोज या प्रत्येक प्रयत्नाची टाचणे स्वतः लिहून ठेवते. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये डीबग नावाचे फोल्डर असते, त्यात नेटसेटअप नावाची लॉग फाइल मिळेल. तिच्या शेवटच्या भागात कधी प्रयत्न झाला व तो कोठे अडला, हे वेळेसह असते. फॉरमॅट मारला की हा पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी तिची प्रत काढून घ्यावी व लेखी अर्जासोबत साहेबांपुढे ठेवावी. तोंडी आरोपाला तोंडी उत्तर देत बसू नये. मुख्य प्रशासकाचा पासवर्डही मागू नये. तो त्यांनी स्वतः टाकावा. उद्या काही बिघडले, तर बोट आपल्याकडे येता कामा नये.

घरी मुलांसाठी संगणक घेणाऱ्या पालकांनाही एक सांगणे आहे. घरात डोमेन नसते. त्यामुळे तेवढ्यासाठी प्रो विंडोजचे जास्त पैसे मोजू नका. अभ्यासाला होम पुरेसे आहे. वाचलेल्या पैशांत एक वही घ्या आणि मुलांना सवय लावा: पडद्यावर चूक आली की घाबरायचे नाही, ती वाचायची, लिहून ठेवायची आणि मगच हात लावायचा.