वारसाहक्क : पुस्तक इंग्रजीत, कागद मराठीत

विधी शाखेच्या पदवीवर्गात कौटुंबिक मालमत्तेचा कायदा शिकविताना एक विसंगती आम्हांस सतत जाणवते. पाठ्यपुस्तके आणि न्यायनिर्णय इंग्रजीत. मात्र ज्यांवरून घरोघरी कलह माजतो ते सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र मराठीत. बिबवेवाडीत शेतांच्या जागी इमारती आल्या, गुंठ्यागुंठ्याला मोल आले. येथील विद्यार्थ्यास हे दोन्ही वाचता आलेच पाहिजे.

केवळ भाषांतराने ते साधत नाही. आपल्या बोलण्यात वडिलांकडून आलेले सारेच ‘वडिलोपार्जित’. परंतु पित्याची स्वकष्टार्जित मिळकत 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 8 अन्वये पुत्राकडे आली, तर ती त्याची स्वतंत्र मिळकत ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केले. सातबाऱ्यावर ‘नाव लागले’ म्हणजे मालकी मिळाली, हाही असाच दृढ समज. फेरफार ही महसुली नोंद. तिने मालकी निर्माण होत नाही.

हा अधिनियम बौद्धांनाही लागू आहे, हे ऐकून आपल्या समाजातील विद्यार्थीही चकित होतात. कलम 2 मध्ये तसा उल्लेखच आहे. हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांच्या 1951 मधील राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. कन्येचा वारसाहक्क त्या विधेयकाच्या गाभ्याशी होता. महाराष्ट्राने 1994 मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या, मुलींना सहदायाद केले. केंद्राने 2005 मध्ये विवाहितांनाही तो हक्क दिला. दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणी मिळाला.

विद्यार्थिनी हे सारे इंग्रजीत बिनचूक लिहितात. आणि घरी ‘नुसती सही कर’ म्हणून भावाने पुढे केलेल्या कागदावर प्रेमापोटी, विनामोबदला हक्क सोडल्याचे लिहिलेले असते! स्वेच्छेने हक्क सोडण्यास आमचा विरोध नाही. न वाचता सोडण्यास आहे.

म्हणून आमचे मत असे की, या विषयाच्या परीक्षेत एक मराठी दस्त द्यावा. विद्यार्थ्याने त्यावर इंग्रजीत कायदेशीर टिपण लिहावे आणि तोच आशय आईला समजेल अशा मराठीत मांडावा. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, मग हा खटाटोप कशाला, असे काही सहकारी विचारतात. परंतु राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि वाटणीचे दावे प्रथम तेथेच दाखल होतात.

या अध्यापनासाठी खरे दस्त हवेत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या घरातील जुन्या वाटणीपत्रांच्या व हक्कसोडपत्रांच्या प्रती, नावे व गट क्रमांक खोडून, आम्हांस द्याव्यात.