पेला पुढे करण्यापूर्वी

दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र दौड असते. आपल्या वाचकांपैकी काहींनी तीत भाग घेतलाही असेल. अशा स्पर्धांत वाटेवर पाणी देणारी, दिशा दाखवणारी स्वयंसेवक मंडळी उभी असतात. सेवाभाव त्यांच्यापाशी असतोच. अडचणीच्या क्षणी तेवढ्याने निभावत नाही.

समजा, दौड संपवून आलेले सत्तरीचे गृहस्थ कठड्याला टेकून उभे आहेत आणि त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले आहे. प्रशिक्षण नसलेल्याचा हात आपसूक पाण्याकडे जातो. परंतु २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले. धावताना अति प्यालेले पाणी हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अशा व्यक्तीला आणखी पाणी पाजणे धोक्याचे. उष्माघात असेल तर शरीर तातडीने थंड करावे लागते, साखर उतरली असेल तर उपाय तिसराच. वरवर पाहता लक्षणे मात्र सारखी.

स्वयंसेवकाने निदान करावे, अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. सुचलेल्या पहिल्या उत्तरापाशी क्षणभर थांबणे, हे त्याला प्रशिक्षणातून येते. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, वैद्यकीय पथक कोठे आहे, निरोप कोणाला द्यायचा, हा क्रम अंगवळणी पडतो. श्वास थांबला असेल तर मदत बोलावून छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा असतो. पुतळ्यावर सराव केलेले हातच तेथे डगमगत नाहीत. नुसत्या सूचना पाठ करून घेणाऱ्या प्रशिक्षणावर माझा फारसा विश्वास नाही. ‘येथून कोणालाही सोडू नका’ एवढेच शिकलेला तरुण रुग्णवाहिकेलाही अडवील! ‘असे झाले तर काय कराल?’ असे विचारत, प्रसंग उभे करून घेतलेला सराव अधिक उपयोगी.

शुश्रूषा करणाऱ्यांनीही हे जाणून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे ज्येष्ठांच्या रक्तातील सोडियम घटू शकते आणि घरातही असाच गोंधळलेपणा दिसू शकतो. चालू औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ एका कागदावर लिहून दर्शनी भागी लावावे. अशा वेळी कोण काय करील, तेही घरातल्यांनी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.