जुनी आवृत्ती कोणाला लागते?

‘सॉफ्टवेअरची जुनी डॉक्युमेंटेशन इंटरनेटवरून गेली तर रडायचं काय? नवी आवृत्ती घ्या, कोड वाचा, नाहीतर एआयला विचारा.’ म्हैसूरच्या आयटीवाल्यांत हे मत हल्ली मोठ्या तोऱ्यात ऐकू येतं. चामराजपुरममध्ये राहून वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रणाली सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला ते ऐकून संताप येतो.

नवी आवृत्ती घ्या! जणू ती घेणं प्रोग्रामरच्या हातात असतं. बँकेची किंवा कारखान्याची चालू प्रणाली जावा भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर राहणार, हे खर्च, परवानग्या आणि ती किती तास बंद ठेवता येईल यावर ठरतं. मध्यरात्री ती अडली की हवी असते ती त्याच आवृत्तीतल्या एका फंक्शनची माहिती: टाइमआउट सेकंदांत की मिलिसेकंदांत, फाइल सापडली नाही तर परत काय येतं. नेमकं तेच पान नसतं. 2010 मध्ये ओरॅकलने जावा बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि पुढे सनच्या जुन्या कागदपत्रांच्या कितीतरी लिंक निकामी झाल्या. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने 2016 मध्ये वापरणाऱ्यांकडूनच डॉक्युमेंटेशन लिहून घ्यायला सुरुवात केली आणि 2017 मध्ये तो विभाग गुंडाळला. 2013 मधल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं प्यू रिसर्चच्या पाहणीत आढळलं. आणि ‘जुनं कोणाला लागतं’ हे म्हैसुरात तरी कोणी विचारू नये. इथल्याच प्राच्यविद्या ग्रंथालयात 1905 मध्ये संस्कृत पंडित शामशास्त्रींना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी मिळाली, 1909 मध्ये ती छापली गेली. कोणाला लागेल हे माहीत नसताना कोणीतरी ती उतरवून, जपून ठेवली होती.

छापील मॅन्युअल रद्दीत घालतानाही हाच वाद झाला होता. तेव्हा ‘सगळं सीडीवर आहे’ म्हणणारे पुढे ‘सगळं ऑनलाइन आहे’ म्हणू लागले, आणि आता ऑनलाइनही नको म्हणतात.

कोड वाचा? कोड काय करतो ते कळतं, त्याने काय करायला हवं होतं ते नाही. बंदिस्त सॉफ्टवेअरचा तर कोडही मिळत नाही. एआय? तो याच पानांवर शिकला आहे आणि तीन आवृत्त्यांची सरमिसळ ठामपणे सांगतो. जुनी वेबपानं साठवणारं वेबॅक मशीन? ऑक्टोबर 2024 मधल्या सायबर हल्ल्यानंतर ते काही दिवस बंदच होतं.

तरी जुनी पानं टिकवणं करता येण्यासारखं आहे. इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांपैकी 1969 चं पहिलं आरएफसी आजही उघडतं, कारण तो साधा मजकूर आहे आणि त्याच्या प्रती अनेकांकडे आहेत. पायथनची डॉक्युमेंटेशन आवृत्तीवार उतरवून घेता येते. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने डॉक्युमेंटेशनची तशीच पूर्ण प्रत आणि ती इतरांना देण्याची मुभा करारातच मागावी, आणि ती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.